एकच दिवा, तीन पिढ्यांचे डोळे

पत्र:
डॉक्टर, आम्ही वारज्यात राहतो. मुलगा अकरा वर्षांचा, सहावीत आहे. अंथरुणावर पडल्यावर तासभर तळमळतो, साडेअकराच्या आत त्याला झोप लागत नाही आणि सकाळी साडेसहाला स्कूलव्हॅन दारात असते. अंधाराला घाबरतो म्हणून ट्यूब चालू ठेवावी लागते. सासूबाई बहात्तर वर्षांच्या आहेत, दिवाळीनंतर त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. रात्री दोन-तीनदा बाथरूमला उठतात, मोठा दिवा लावतात आणि मग पहाटेपर्यंत जाग्या असतात. तोडगा म्हणून मी निळा झिरोचा बल्ब लावला, तर त्या म्हणतात, ‘यात मला काही दिसत नाही.’ खिडकीसमोर सोसायटीने पार्किंगसाठी लावलेला पांढरा फ्लडलाइट रात्रभर जळतो. मिस्टर म्हणतात, ‘आम्ही चाळीत सात जण ट्यूबखाली झोपायचो, दिव्याने कुणाची झोप जात नाही.’ दिव्यावरून रोज कुरबूर होते. आणखी एक भीती आहे. रात्री मुलाच्या डोळ्यांतल्या बाहुल्या केवढ्या मोठ्या दिसतात, सासूबाईंच्या मात्र अगदी बारीक. काही दोष असेल का? चष्म्याच्या दुकानात मुलासाठी ब्लू-कट चष्मा सुचवला. मैत्रीण तिच्या मुलाला झोपेसाठी मेलाटोनिन देते. मी काय करू?
— एक वाचक, वारजे

उत्तर:

ताई, आधी बाहुल्यांचं सांगते, कारण त्या भीतीने तुमचीही झोप उडालेली दिसते. तुम्ही जे पाहिलंत ते दोघांच्याही वयाला धरूनच आहे. मंद उजेडात अकरा वर्षांच्या मुलाची बाहुली सात-आठ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढतं तशी बाहुली लहान होत जाते आणि अंधारातही पूर्वीइतकी उघडत नाही. सत्तरीतल्या माणसाची बाहुली त्याच खोलीत चार-पाच मिलिमीटरवरच अडली तर त्यात नवल नाही. खात्री करायची असेल तर दिवसा मुलाला खिडकीसमोर उभं करा, दोन्ही डोळे तळहातांनी झाकायला सांगा आणि हात काढताना नीट बघा. दोन्ही बाहुल्या एकदम, पाव सेकंदाच्या आसपास आकसायला लागतात. नंतर एकच डोळा झाकून बघा. उजेड एकाच डोळ्यात पडला तरी आकसतात दोन्ही, कारण मेंदूकडून हुकूम दोन्ही डोळ्यांना सारखाच जातो. मोबाइलची टॉर्च डोळ्याजवळ नेऊन हा प्रयोग करू नका, खिडकीचा उजेड पुरतो.

घाई कधी करायची तेही सांगून ठेवते. एक बाहुली अचानक दुसरीपेक्षा मोठी दिसू लागली आणि सोबत डोकेदुखी असेल, पापणी खाली आली असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मुलाच्या फ्लॅश टाकून काढलेल्या फोटोत बाहुली पांढरी चमकत असेल तरी थांबू नका. लाल चमकणं नेहमीचंच आहे. दोन बाहुल्यांत जन्मापासून किंचित फरक बऱ्याच निरोगी माणसांमध्ये असतो.

आता तुमच्या घरातल्या खऱ्या भांडणाकडे वळू. तुम्ही चौघं एकाच दिव्याबद्दल बोलताय, पण तो दिवा प्रत्येकाच्या डोळ्यात वेगळा पोचतो. हे एकदा घरात सगळ्यांना पटलं तर कोण बरोबर आणि कोण चूक हा वाद बराच निवळेल, कारण आपापल्या डोळ्यांपुरते सगळेच बरोबर आहात.

बाहुलीचा व्यास आठ मिलिमीटरवरून दोनवर आला तर आत येणारा प्रकाश सोळा पटींनी घटतो. ऐकायला हे खूप वाटतं. पण उजेड लक्समध्ये मोजतात, आणि पौर्णिमेच्या चांदण्याचा उजेड एका लक्सपेक्षाही कमी, घरातल्या ट्यूबखाली तो शे-दोनशे लक्स आणि दुपारच्या उन्हात लाखाच्या घरात. एवढ्या अंतरापुढे बाहुलीची ती सोळा पटींची उघडझाप काहीच नाही. म्हणून ‘डोळा आपोआप जुळवून घेतो’ या भरवशावर राहता येत नाही. बाहुली आकसली तरी रात्रीच्या ट्यूबचा उजेड शरीराला झोपेच्या-जागेच्या वेळा सांगणाऱ्या आतल्या घड्याळापर्यंत पोचतोच.

हे घड्याळ कशाने चालतं, त्याची हकीकत मला फार आवडते, म्हणून थोडी सविस्तर सांगते. १९२०च्या दशकात क्लाइड कीलर या अमेरिकी शास्त्रज्ञाला जन्मजात अंध उंदरांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली. त्यांच्या दृष्टिपटलात बघण्याच्या पेशी जवळपास नव्हत्याच, तरी उजेड पडला की बाहुल्या आकसत होत्या. म्हणजे बघण्याच्या पेशींखेरीज डोळ्यात आणखी कुणीतरी उजेड टिपत होतं. ते कोण, हे कळायला पाऊणशे वर्षं गेली. १९९८ मध्ये इग्नासिओ प्रोव्हेन्सिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेत मेलानॉप्सिन नावाचं प्रकाश टिपणारं प्रथिन सापडलं. दोन वर्षांनी तेच माणसाच्या दृष्टिपटलाच्या आतल्या थरातही मिळालं. २००२ मध्ये डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हे प्रथिन असलेल्या मज्जापेशी स्वतःच उजेडाला प्रतिसाद देतात. आपल्याला चेहरे, अक्षरं, रंग दाखवणं हे त्यांचं मुख्य काम नाही. बाहेर किती उजेड आहे, एवढी खबर त्या मेंदूला देत राहतात.

ही खबर दोन ठिकाणी जाते. एक वाट बाहुली आकसवणाऱ्या केंद्राकडे. दुसरी मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या अगदी वर असलेल्या पेशींच्या छोट्या पुंजक्याकडे. हे आपलं मुख्य घड्याळ. तिथून निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूत उतरतो, मानेतल्या एका मज्जागंडातून, म्हणजे मज्जापेशींच्या गाठीतून, पुन्हा वर चढतो आणि मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला पोचतो. अंधार पडला की ही ग्रंथी रक्तात मेलाटोनिन सोडायला लागते. मेलाटोनिन माणसाला गुंगी आणून पाडत नाही. ‘रात्र झाली’ हा निरोप ते अंगभर पोचवतं. डोळ्यात उजेड शिरला की तो निरोप अडतो. माणसात असं घडतं हे आल्फ्रेड लेवी आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं, तेव्हा त्यांनी २,५०० लक्सचा झगझगीत दिवा वापरला होता. त्यामुळे घरातल्या दिव्याने काही होत नसावं असा समज बरीच वर्षं राहिला. २०११ मध्ये शंभराहून अधिक निरोगी माणसांना झोपेआधी दोनशे लक्सहून कमी, म्हणजे साध्या खोलीएवढ्या उजेडात बसवलं, तेव्हा मेलाटोनिन स्रवण्याचा काळ मंद उजेडातल्या रात्रीपेक्षा सुमारे दीड तासाने घटला.

या पेशींना सगळ्यात जास्त भिडतो तो निळा प्रकाश, साधारण ४८० नॅनोमीटर तरंगलांबीचा. तांबड्याला त्या फारशा जुमानत नाहीत. बाहुलीवर हे अगदी स्पष्ट दिसतं. तेजस्वी तांबडा दिवा बंद केला की बाहुली लगेच उघडायला लागते, तितक्याच तेजाचा निळा दिवा बंद केल्यावर मात्र ती बराच वेळ आकसलेलीच राहते. दिवा गेला तरी त्या पेशी अजून ‘उजेड आहे’ म्हणून सांगत असतात.

तुमचा निळा झिरोचा बल्ब इथे फसला. थंड, शांत वाटतो म्हणून आपल्याकडे कितीतरी घरांत झोपायच्या खोलीत निळाच लावतात. मुलाचं नैसर्गिक भिंग काचेसारखं स्वच्छ आणि बाहुली पुरती उघडलेली, म्हणजे त्या बल्बचा निळा प्रकाश त्याच्या आत भरपूर जातो. सासूबाईंच्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे. वयाने पिवळं पडलेलं भिंग नेमका निळाच प्रकाश गाळतं, त्यातून बाहुली लहान. मग त्यांना दिसणार कसं? त्या तक्रार करतात ती खरी आहे, ताई. ज्याला तो प्रकाश नको त्याला तो बल्ब सगळ्यात जास्त देतो आणि जिला उजेड हवा तिला सगळ्यात कमी. झिरोचा बल्ब मुळात मंद असतो म्हणून मुलाचं मोठं नुकसान झालेलं नाही. पण तो बदला. तपकीर गल्लीत किंवा जवळच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात तांबूस-पिवळा, एक वॉटच्या आतला दिवा सहज मिळेल.

सासूबाईंना एक गंमत करून बघायला सांगा. पांढरंशुभ्र कापड समोर धरून आधी उजव्या, मग डाव्या डोळ्याने बघायचं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला ते निळसर पांढरं दिसेल, दुसऱ्याला चहाचा हात लागल्यासारखं पिवळट. ऑपरेशननंतर त्या डोळ्यात निळा प्रकाश पुन्हा जाऊ लागला आहे. दिवसा हे फार चांगलं आहे, कारण सकाळचा उजेड घड्याळाला नीट लागतो. रात्री मात्र बाथरूमच्या पांढऱ्या दिव्याचा फटकाही आता पूर्वीपेक्षा जास्त बसतो.

तरीही त्यांच्या बाबतीत मला झोपेपेक्षा पडण्याची काळजी जास्त आहे. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे मी फार जवळून बघितलेलं आहे. त्यांनी अंधारात चाचपडत जावं असं कुणीही सुचवू नये. पण मोठा दिवा लावण्यात एक धोका लपलेला आहे, तो जातानाचा नाही, परततानाचा. अंधाराला पूर्ण सरावायला दृष्टिपटलाला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो, उतारवयात त्याहून जास्त. बाथरूममध्ये मिनिटभर लख्ख उजेड डोळ्यात गेला की तो सराव पुसला जातो. मग दिवा बंद करून त्या पॅसेजमध्ये येतात तेव्हा समोरची चप्पलसुद्धा दिसत नाही. आकाशदर्शनाला जाणारी मंडळी टॉर्चला लाल जिलेटीन लावतात ते याचसाठी. अंधारात बघणाऱ्या पेशींना तांबडा प्रकाश फारसा जाणवत नाही आणि सराव टिकतो.

म्हणून त्यांच्या खाटेपासून बाथरूमपर्यंत गुडघ्याच्या खाली दोन-तीन तांबूस दिवे लावा, हालचाल झाली की पेटणारे सेन्सरचे मिळतात. उजेड जमिनीवर पडावा, डोळ्यावर नको. बाथरूममध्येही रात्रीसाठी वेगळा पिवळा मंद दिवा आणि त्याचं बटण त्यांच्या हाताला लागेल असं, मोठ्या दिव्याच्या बटणावर चिकटपट्टी. पायरी असेल तिच्या कडेला रंगीत पट्टी लावा, भिंतीला धरायला दांडा बसवा. दिवा मंद आणि वाट मोकळी, दोन्ही एकत्र हवं. त्या दोन-तीनदा उठतात, त्याचं कारणही शोधा. रक्तातली साखर तपासून घ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर तिची वेळ बदलता येईल का, हे त्यांच्या डॉक्टरांना विचारा. परस्पर बदलू नका.

मुलाकडे येते. लहान मुलांचं मेलाटोनिन उजेडाने मोठ्यांपेक्षा जास्त दबतं. जपानमध्ये २०१४ मध्ये शाळकरी मुलं आणि त्यांचे पालक यांना संध्याकाळी सारख्याच उजेडात बसवलं, तर मुलांचं मेलाटोनिन पालकांच्या जवळपास दुप्पट प्रमाणात घटलं. वयात येऊ लागलेल्या मुलांमध्ये हा परिणाम किशोरवयाच्या शेवटाकडे गेलेल्या मुलांपेक्षा जास्त असतो, असंही २०१५ च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. तुमचा मुलगा नेमका त्या उंबरठ्यावर आहे. साडेअकरापर्यंत तो तळमळतो त्यात हट्ट किंवा आळस बघू नका. ट्यूबखाली त्याच्या शरीरात रात्र उशिरा सुरू होते आणि व्हॅन मात्र वेळेवरच येते. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं राज्य सरकारने २०२४ मध्ये ठरवलं, पण सहावीला त्याचा उपयोग नाही.

त्याच्यासाठी जेवण झाल्यावर, म्हणजे साडेआठपासून, हॉलमधली ट्यूब बंद करून एक पिवळा दिवा लावा, शक्यतो खाली, कोपऱ्यात. छतावरचा दिवा डोळ्यात थेट उतरतो. गृहपाठ उरला असेल तर टेबललॅम्प वहीवर पडेल असा ठेवा. झोपताना खोलीबाहेर पॅसेजमधला तांबूस दिवा चालू आणि दार अर्धं उघडं. तो अंधाराला घाबरतो ही गोष्ट हलकी घेऊ नका. एका रात्रीत ट्यूब काढून घेतली तर भीतीने तो आणखी जागेल. आठवड्या-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उजेड कमी करा. आजी त्याच खोलीत झोपत असतील तर फारच उत्तम, त्यांच्या वाटेवरचे दिवे त्यालाही पुरतील.

संध्याकाळी पाच ते सात तो मैदानावर असेल असं बघा. दिवसा भरपूर उजेड मिळाला की रात्रीच्या उजेडाचा त्रास कमी होतो. वर्गातले दिवे मैदानाच्या पासंगालाही पुरत नाहीत, ढगाळ पावसाळी दिवशीही बाहेर हजारो लक्स असतात. जानेवारीत पुण्यात सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे व्हॅनमध्ये बसताना त्याला उजेडच मिळत नाही. म्हणून मधल्या सुट्टीत बाहेर पडणं आणि संध्याकाळचं खेळणं जास्त महत्त्वाचं.

तुमच्या मिस्टरांनाही मी खोटं पाडणार नाही. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियात ५५ जणांवर झालेल्या अभ्यासात संध्याकाळच्या उजेडाला सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी दाद देणाऱ्या माणसांमध्ये पन्नास पटींहून अधिक फरक निघाला. सरासरी माणसाचं मेलाटोनिन पंचवीस लक्सच्या आसपासच निम्म्यावर आलं. काहींना मात्र शेकडो लक्स लागले. तुमचे मिस्टर त्या दुसऱ्या टोकाचे असू शकतात. शिवाय लहानपणी ते दिवसभर बाहेर हुंदडत असतील. पण एक गोष्ट त्यांना जरूर सांगा. झोप लागली म्हणजे शरीराला उजेड कळला नाही असं होत नाही. २०२२ मध्ये वीस तरुणांवर झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, एक रात्र शंभर लक्सच्या उजेडात झोपलेल्यांच्या हृदयाचे ठोके रात्रभर जास्त राहिले आणि सकाळी इन्सुलिनचा परिणाम कमी झालेला दिसला. मेलाटोनिनमध्ये मात्र फरक नव्हता. म्हणजे उजेडाच्या वाटा एकाहून जास्त आहेत.

मापाला धरून काही हवं असेल तर २०२२ मध्येच या विषयातल्या तज्ज्ञांनी मिळून सुचवलेले आकडे लक्षात ठेवा: दिवसा डोळ्याशी किमान २५०, झोपेआधी तीन तास दहाच्या आत, झोपेत एकच्या आत. हा हिशेब साध्या लक्सचा नाही, मेलानॉप्सिनला जाणवेल तेवढ्याच उजेडाचा आहे. पण घरी अंदाज घ्यायला मोबाइलवरचं लक्स मोजणारं अ‍ॅप चालतं. फोन उशीवर, डोळे असतात तिथे धरून बघा. फ्लडलाइट किती आत येतोय ते त्यावरून कळेल.

त्या फ्लडलाइटसाठी सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज द्या आणि ‘दिवा काढा’ असं मागू नका. गाड्यांची काळजी सगळ्यांनाच असते, मागणी फेटाळली जाईल. दिव्याचं तोंड खाली वळवा, वर झाकण बसवा, पांढऱ्याऐवजी पिवळा बल्ब लावा आणि रात्री अकरानंतर हालचालीवर पेटणारा सेन्सर बसवा, असं मागा. विजेचं बिल कमी होईल हेही लिहा. समोरच्या आणखी दोन-तीन घरांच्या सह्या घेतल्यात तर अर्ज वाचला जाईल. तोवर जाड, अस्तराचा पडदा लावा आणि मुलाची उशी खिडकीकडे पाठ होईल अशी फिरवा.

ब्लू-कट चष्म्यावर पैसे घालवू नका. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा आढावा घेतला. त्यात अशा काचांनी डोळ्यांचा ताण कमी होतो असं दिसलं नाही आणि झोपेच्या फायद्याबद्दल ठाम पुरावा मिळाला नाही. या काचा साधारणपणे निळ्या प्रकाशाचा छोटा हिस्साच अडवतात. नाइट मोडवरही विसंबू नका. पडदा पिवळा करून ब्राइटनेस पूर्ण ठेवला तर फार काही साधत नाही. ब्राइटनेस अगदी खाली आणा, फोन हातभर लांब धरा आणि खोलीत पूर्ण काळोख करून फोन बघू नका. काळोखात बाहुली पूर्ण उघडते आणि त्याच पडद्याचा जास्त प्रकाश आत घेते. १९९३ च्या एका प्रयोगात थेंब घालून बाहुल्या मोठ्या केलेल्यांचं मेलाटोनिन त्याच उजेडाने जास्त दबलं होतं. फोनवर मुलगा काय बघतो याचाही झोपेशी संबंध आहेच. खेळ किंवा रील्स पिवळ्या पडद्यावरही जागं ठेवतात.

मेलाटोनिन तुमच्या मनाने मुलाला देऊ नका, मैत्रिणीने दिलं तरी. काही विशिष्ट अडचणी असलेल्या मुलांना बालरोगतज्ज्ञ ते देतात, पण मात्रा आणि वेळ ठरवून. चुकीच्या वेळी घेतलं तर घड्याळ उलट्या बाजूला सरकतं. बाजारातल्या गोळ्यांत लिहिलेलंच असतं असंही नाही. कॅनडात २०१७ मध्ये ३१ उत्पादनं तपासली तेव्हा प्रत्यक्षातलं मेलाटोनिन लेबलपेक्षा ८३ टक्के कमी ते ४७८ टक्के जास्त निघालं. तुमच्या मुलाच्या शरीरात ते तयार होत नाही असं मानायला पत्रात काहीच कारण दिसत नाही. ट्यूबमुळे ते उशिरा सुरू होतंय, इतकंच.

आधी दिवे बदला, मग तीन आठवडे वाट बघा. सुट्टीच्या दिवशीही उठायची वेळ तासाभरापेक्षा जास्त पुढे जाऊ देऊ नका, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. एवढं करूनही मुलगा अकराच्या आत झोपला नाही, किंवा झोपेत घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल, दिवसा वर्गात डुलक्या काढत असेल, तर त्याला बालरोगतज्ज्ञांकडे न्या. सासूबाईंच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख ठरायची असेल तर त्यांच्या सगळ्या गोळ्यांची यादी सर्जनना द्या. काही गोळ्यांनी, विशेषतः लघवीच्या त्रासासाठीच्या, ऑपरेशनच्या वेळी बाहुली नीट उघडत नाही. हे त्यांना आधी माहीत असलेलं बरं.